सेनापतीच्या पाठीचा गंज

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता हेडक्लार्कांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, झाकण उघडलं, आत बघितलं आणि झाकण पुन्हा लावून टाकलं. थोडा वेळ ट्रंकेवर बसून राहिले. मग उठून परत उघडलं. गंज होता तेवढाच होता.

ट्रंकेत त्यांचं चिलखत होतं. पाणीपुरवठा कचेरीतला हा माणूस वर्षभर नळजोडणीच्या अर्जांवर शेरे मारायचा, पण वर्षातून एका रविवारी इतिहास मंडळ नदीकाठच्या मैदानावर जुनी लढाई उभी करायचं, तेव्हा अस्सल पोलाद अंगावर चढवून रणांगणात उतरायचा. उतरायचा आणि पडायचा. अकरा वर्षं ते पहिल्या रांगेतले शिपाई होते, आणि पहिल्या रांगेनं पहिल्या दहा मिनिटांत मरायचं असं इतिहासातच लिहून ठेवलेलं होतं. त्यानंतरची पन्नास मिनिटं हेडक्लार्क ओल्या गवतावर उताणे पडून असत, कारण मेलेल्यानं हलायचं नाही, बोलायचं नाही, असा मंडळाचा कडक नियम. त्यामुळे त्यांचं चिलखत पुढून लख्ख होतं आणि पाठीकडून तांबडंलाल. मंडळातल्या जाणत्यांना गंज बघून माणसाची भूमिका कळते. घोडेस्वार मांडीला गंजतात, झेंडेकरी काखेत आणि मेलेले पाठीला.

पण यंदा गोष्ट वेगळी होती. शुक्रवारी मंडळाचं पत्र आलं होतं. नेहमी सेनापती होणाऱ्या ठेकेदारांची कंबर धरली होती, आणि ज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्याखाली हेडक्लार्कांचा नंबर होता. यंदाचे सेनापती आपण, असं पत्रात म्हटलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात, रुमालाच्या परीक्षेच्या अधीन राहून.

ही परीक्षा म्हणजे कवायतमास्तर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती, पण शिट्टी काही गळ्यातून उतरली नव्हती. लढाईच्या दिवशी सकाळी दहाला, पहिल्या दहा मिनिटांत मरणारे सोडून, बाकी सगळे रांगेत उभे राहत आणि मास्तर एकेकाच्या चिलखतावर कुठेही पांढरा रुमाल घासत. रुमाल तांबडा झाला की तो माणूस बाद, त्याची भूमिका यादीतल्या पुढच्या माणसाला. हेडक्लार्कांच्या पुढचा माणूस म्हणजे दातांचे डॉक्टर. ते चिलखत वर्षभर दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवत आणि रोज पुसत.

हेडक्लार्कांना रुमालाचा अनुभव होता. चार वर्षांपूर्वी त्यांना झेंडेकरी केलं होतं, तेव्हा कोपराशी तांबडं निघालं. पुढच्या वर्षी रणशिंग मिळालं, तेव्हा गुडघ्याशी. दोन्ही वेळा त्यांनी आठवडाभर आधी घरी डंका पिटला होता, आणि बायकोच्या शिवणवर्गातल्या बायका पुढे महिनाभर "झेंड्याचं काय झालं हो?" असं विचारत होत्या. म्हणून या वेळी त्यांनी घरी चकार शब्द काढला नव्हता. शिवाय मनात एक सल होता. पहिल्या वर्षानंतर बायकोनं त्यांना रणांगणावर उभं असं पाहिलंच नव्हतं. ती बिचारी दरवर्षी सगळं आटपल्यावर टॉवेल आणि कोरडा बनियन घेऊन यायची, म्हणायची, फाटकापाशी रांग होती, उशीर झाला. तोवर हे मेलेले असायचे. यंदा सेनापती तासभर जिवंत राहणार होता, शेवटी दोन शत्रू त्याला दंडाला धरून नेणार होते, आणि ती कितीही उशिरा आली तरी तिला नवरा उभा दिसणार होता. हेडक्लार्कांना पन्नाशी उलटल्यावर एवढी एकच इच्छा उरली होती, म्हटलं तरी चालेल.

पाठीचा पत्रा घेऊन ते गॅलरीत गेले, तर पाठोपाठ बायको आलीच.

"यंदा एवढं काय मनावर घेतलंय?" तिनं विचारलं.

"गंज चढलाय गं."

"अहो, पण तुम्ही उताणे पडणार. पाठ खाली. ती बघणार कोण, मुंग्या?"

हेडक्लार्कांनी शिस्त वगैरे काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. ती आत गेल्यावर त्यांनी खिशातून एक जुनं कात्रण काढलं. त्यात लिहिलं होतं की गंजलेलं पोलाद अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवावं, मग सोड्याच्या पाण्यातून काढावं. मुद्दा पटण्यासारखा होता. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून व्हिनेगरच्या होत्या तेवढ्या बाटल्या आणल्या. एवढं मोठं भांडं घरात एकच होतं, ते म्हणजे शिवणवर्गाचा टब. त्यात बायकोनं वर्गातल्या बायकांचं कापड आटवायला भिजत घातलं होतं. ते त्यांनी हळूच बादलीत काढलं, टब बाथरूममध्ये नेला, आणि पाठीचा पत्रा व कड्यांचा अंगरखा आत बुडवला. मग वाटलं, पाठ चकाकली आणि छाती मागे पडली तर बरं दिसणार नाही. म्हणून चांगला होता तो छातीचा पत्राही आत सोडला. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते माणसाला नेहमी नंतर कळतं.

दहाला वर्ग भरला. पाच मशिनं सुरू झाली आणि पाचही बंद पडली, कारण बायकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. हा वास कसला, असं बायकोनं बाहेरून विचारलं. टबाचं नाव निघू नये म्हणून हेडक्लार्क आतून म्हणाले, मोरी धुतोय.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. मग बायको म्हणाली की देवच पावला, आता लागल्या हाती जाळीही काढा, तिच्याखालचा गाळही काढा आणि बेसिनची नळीही बघा. आपण बोललो ते आपल्यालाच निस्तरावं लागतं. हेडक्लार्क गुडघ्यांवर बसून मोरी घासू लागले. जाळी निघेना. निघाली तेव्हा बसेना. बारा वाजता मोरी झाली, तेव्हा त्यांना टब आठवला. अर्ध्या तासाचं चिलखत तीन तास भिजलं होतं आणि पाटीसारखं काळपट झालं होतं.

पण गंज गेला होता. हेडक्लार्कांच्या अंगात उत्साह संचारला. त्या भरात सोडा राहून गेला. त्यांनी नळाखाली सगळं खळखळून धुतलं आणि गॅलरीतल्या दोरीवर, शर्टांच्या शेजारी, चिमटे लावून वाळत घातलं. जेवून येतात तो काय, छाती, पाठ आणि अंगरखा, तिन्ही पिकल्या संत्र्यासारखी झाली होती. सकाळी गंज फक्त पाठीला होता. आता मेलेल्याचं चिलखत चारी बाजूंनी मेलं होतं.

दुसरा कोणी असता तर खचला असता. हेडक्लार्क पेटले. काचपेपर घेऊन त्यांनी दीडेक तास दोन्ही पत्रे घासले, ओल्या फडक्यानं पुसले, आणि मग ते लगेच वाळवले पाहिजेत हे त्यांचं त्यांना सुचलं. वर्गातल्या बायका नुकत्याच गेल्या होत्या, टेबलावर इस्त्री गरम होती. त्यांनी छातीचा पत्रा टेबलावर उताणा ठेवला आणि कॉलरपासून सुरुवात करतात तशी गळ्यापासून इस्त्री फिरवायला घेतली. काम झकास चाललं होतं. फक्त ती इस्त्री वाफेची होती, हे त्यांच्या लक्षात यायला पोटापर्यंत पोचावं लागलं. संत्र्याचा रंग गळ्यापासून त्यांच्या मागोमाग खाली येत होता.

तेवढ्यात बायको आत आली. नवरा चिलखताला इस्त्री करतोय हे तिनं पाहिलं, इस्त्रीच्या तळाला चिकटलेला तांबडा थर पाहिला, आणि इस्त्रीचं बटण बंद करून ती निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग हेडक्लार्क सगळं पोत्यात भरून खालच्या गल्लीतल्या फिटरकडे गेले. हे खरं तर सकाळी साडेआठलाच करायला हवं होतं. फिटर जन्मभर लोखंडात राहिलेला माणूस. त्यानं पत्र्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"साहेब, ओलं लोखंड एकटं सोडायचं नसतं," तो म्हणाला. "आंबट लावलं की सोड्यानं मारायचं, कोरडं पुसायचं, गरम असतानाच तेलाचा हात द्यायचा. पातळ हात. हे तीन होईपर्यंत चहालासुद्धा उठायचं नाही."

पत्रे मी रॉकेल आणि काचपेपरनं काढून देतो, असं त्यानं सांगितलं. पण कड्यांचा अंगरखा बघून त्यानं हात टेकले. वीस हजार कड्या, प्रत्येकीला आत आणि बाहेर. हा अंगरखा कोरड्या वाळूत घालून बंद पिंपात तासभर गडगडवला पाहिजे, पूर्वी असंच करायचे म्हणतात, पण असलं पिंप आता आणायचं कुठून, असं म्हणत त्यानं सहज रस्त्यापलीकडे बघितलं. हेडक्लार्कांनीही बघितलं. पलीकडे इमारतीचं काम चालू होतं आणि काँक्रीटचा मिक्सर गरगरत होता.

शिकलेल्या माणसाला ज्या गोष्टी समजावायला अर्धा तास लागला असता, त्या गवंड्याला दोन वाक्यांत कळल्या. लढाई उद्या आहे म्हटल्यावर त्यानं हातातली थापी खाली ठेवली. ओली वाळू नको, असं त्यानंच सांगितलं, पत्रा तापवून वाळू भाजून घेतली, मिक्सर धुवून आतून कोरडा पुसला आणि अंगरखा आत टाकला. मिक्सर सुरू झाला तेव्हा असा काही खणखणाट उठला की तीन मजल्यांवरची माणसं खाली आली. मुकादम ओरडत धावत आला, कारण ऐकलं, आणि घड्याळ काढून वेळ लावायला बसला. दर दहा मिनिटांनी मिक्सर थांबवायचा, अंगरखा बाहेर काढायचा, सगळ्यांनी बघायचं, अजून नाही म्हणायचं आणि परत टाकायचा, असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी गवंड्यानं तो दोन्ही हातांनी उन्हात धरला. वीस हजार कड्या एकदम लखलखल्या. हेडक्लार्कांनी गवंड्याला मिठी मारली.

इथे थांबायला हवं होतं. फिटरनं मशीनच्या तेलाचा पातळ हात दिला होता, तेवढा पुरे होता. पण गवंडी म्हणाला, आमच्याकडे साच्याच्या पाट्यांना लावायचं तेल असतं, सिमेंटसुद्धा चिकटत नाही, मग गंज काय चिकटतो? त्याला नाही म्हणणं कृतघ्नपणा झाला असता. वाटेत औषधांच्या दुकानदारानं पेट्रोलियम जेली सुचवली, चांभारानं मेणाची डबी हातात ठेवली आणि वापरून बघा म्हणाला. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं, असं म्हणतात. हेडक्लार्कांनी ऐकलंही जनाचं आणि केलंही जनाचंच. एकावर एक असे चारही थर चढले. बिजागऱ्या, बक्कल, शिरस्त्राणाची तोंडावर पडणारी झडप, काही म्हणता काही सोडलं नाही.

रविवारी दहा वाजता कवायतमास्तर रुमाल घेऊन समोर आले. शेजारी दातांचे डॉक्टर टाचा उचलून बघत होते. मास्तरांनी रुमाल पाठीवर टेकवला, तो त्यांच्या हातातून सटकून थेट कमरेखाली गेला. पुन्हा टेकवला, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला, हुंगला, आणि दोन बोटांत चोळला.

"चिकट आहे," मास्तर म्हणाले. "तांबडा नाही. नियमात चिकटपणाबद्दल काही नाही. सेनापती, पुढे या."

हेडक्लार्कांच्या खांद्यावर मंडळाचा लाल झगा चढला. डॉक्टरांना शत्रूपक्षात घालण्यात आलं, आणि सेनापतीला पकडणाऱ्या दोघांपैकी एक तेच होते.

चार वाजता लढाई जुंपली. मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. पहिली रांग दहा मिनिटांत मेली. हेडक्लार्कांनी आयुष्यात पहिल्यांदा ती पडताना पाहिली, कारण एरवी ते त्यांच्यात असत. पुढं सगळं इतिहासाप्रमाणं चाललं. सेनापतीनं टेकडीवरून हात केला, घोडी धावली, रणशिंग वाजलं, आणि शेवटी मंडळाचे अध्यक्ष कर्ण्यावरून गंभीर आवाजात म्हणाले की अखेर सेनापती शत्रूच्या हाती लागला.

डॉक्टरांनी सकाळचा सगळा राग एकवटून हेडक्लार्कांचा दंड पकडला. दंड त्यांच्या हातातून निघून गेला. दुसऱ्या शत्रूनं कमरेला मिठी मारली, तो सरसरत घोट्यापर्यंत खाली आला आणि गवतावर बसला. दोघांनी दोन्ही बाजूंनी एकदम झडप घातली, तर मधून सेनापती सुटला आणि ते दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले. प्रेक्षकांतून एक शिट्टी आली. अध्यक्षांनी पुन्हा जाहीर केलं की अखेर सेनापती शत्रूच्या हाती लागला. चार शिपाई मदतीला धावले. त्यांचेही हात तेलकट झाले आणि त्यांच्या तलवारी सटासट सुटून खाली पडल्या. दोर टाकला, तो खांद्यांवरून पायांशी उतरला. या धुमश्चक्रीत शिरस्त्राणाची झडप खाली पडली आणि मैदानातली वाळू बिजागरीच्या तेलात बसून ती घट्ट रुतली.

हेडक्लार्कांना पळायचं नव्हतंच. ते हात पसरून उभे राहिले.

"धरा हो, मी हलत नाही," ते आतून म्हणाले.

"तुम्ही हलत नाही," डॉक्टर धापा टाकत म्हणाले, "पण हातात राहतही नाही."

आता मैदान डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. दरवर्षी हरणारा सेनापती यंदा काही केल्या हरत नव्हता. माणसं बाकांवर चढली, मेलेल्या रांगेतली प्रेतं हसून गदगदत होती आणि मास्तर त्यांच्यावर शिट्ट्या फुंकत होते. अध्यक्ष तिसऱ्यांदा म्हणाले की अखेर सेनापती, आणि थांबले, आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की अजून नाही. शेवटी हेडक्लार्कांनीच इतिहासाची लाज राखली. त्यांनी हात पाठीमागे बांधल्यासारखे धरले आणि शत्रूच्या छावणीकडे स्वतःहून चालू लागले. पकडणारे सहा जण धावत मागून आले. टाळ्या थांबेचनात.

सगळं आटपलं. मेलेले उठले, गवत झटकत चहाकडे गेले. हेडक्लार्क मैदानाच्या कडेला एकटेच झडपेशी झटापट करत होते. झडप उघडत नव्हती, शिरस्त्राण निघत नव्हतं. आणि फटीतून त्यांना बायको येताना दिसली. हातात टॉवेल, बनियन. ती मेलेल्यांच्या जागेपाशी फिरून फिरून शोधत होती. मग ती थेट त्यांच्याकडेच आली. आता ती काय म्हणते, एवढंच ऐकायचं होतं.

"साहेब, जरा विचारते हं," ती म्हणाली. "आमचे हे दिसले का कुठे? पहिल्या रांगेत मरतात ते."

हेडक्लार्क "मीच" म्हणाले, पण पोलादातून नुसतं घुमल्यासारखं काहीतरी बाहेर आलं. सेनापतीला काही ठाऊक नाही असं तिनं धरलं.

"तुमचं छान झालं हो," ती अदबीनं म्हणाली. "लोक किती हसले. पण मला विचाराल तर यंदा मजा नाही आली. अकरा वर्षं बघतेय मी. पहिल्या वर्षी अगदी पुढे बसले होते, तर हे मेल्यावर एक डोळा उघडून बघत होते, मी बघतेय का ते. मास्तरांनी चारचौघांत झापलं त्यांना. तेव्हापासून मी मागच्या फाटकाशी उभी राहते आणि उशीर झाला म्हणून सांगते. मी दिसले की ह्यांना नीट मरता येत नाही."

हेडक्लार्कांनी आतून फटीला डोळा लावला.

"आणि मरतात काय!" ती म्हणाली. "आधी एक गुडघा टेकतात. मग आभाळाकडे बघतात. मग तलवार हळूच बाजूला ठेवतात, कुणाला लागायला नको म्हणून. आणि मग पडतात. असं कुणी मरत नाही बघा. आज त्यांच्या जागी कोण होता कोण जाणे, पोतं टाकावं तसा पडला. कालपासून जरा विचित्रच वागत होते हो, मोरी काय घासली, इस्त्री काय केली. बरं नसेल का त्यांना?"

हेडक्लार्कांनी झडपेला एक शेवटचा हिसका दिला. ती ढिम्म हलली नाही. मग त्यांनी तो नाद सोडला. लाल झगा सावरून त्यांनी सावकाश एक गुडघा गवतावर टेकला. मान वर करून आभाळाकडे पाहिलं. कमरेची तलवार काढून ती हळूच, तिच्या चपलेपासून लांब, बाजूला ठेवली. आणि ते पडले.

बायको बघत राहिली. हातातला टॉवेल खाली पडला, तो तिनं उचलला नाही. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी तिनं आधी इकडे तिकडे पाहिलं आणि मग टाळ्या वाजवल्या, एकटीनंच, बराच वेळ.

"अहो," ती वाकून म्हणाली, "तुम्ही होय?"

मेलेल्यानं बोलायचं नसतं, म्हणून हेडक्लार्क गप्प पडून राहिले. पण झडप बंद होती, मास्तरांना काही दिसणार नव्हतं, आणि आत त्यांचे दोन्ही डोळे सताड उघडे होते.